पाणी उघडणारा चष्मा

पाणी निवळायला लागलं की आमच्या घरात चष्म्याची शोधाशोध सुरू होते. पाऊस गेलेला असतो, आश्विनाचं ऊन पडायला लागलेलं असतं, आणि सकाळी चहाच्या वेळी आमचे हे, म्हणजे माझे यजमान, अगदी सहज आठवल्यासारखं विचारतात, "अगं, तो नदीचा चष्मा कुठं ठेवलायस?" कपाटात असतो, कुठं जाणार आहे! वर्षभर तो दुसऱ्या कशालाच लागत नाही. नदीसाठी घेतलेला, नदीवरच घालायचा.

यंदाही, गेल्या आठवड्यात, पुन्हा तेच झालं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. नाशिकचं ऑक्टोबरचं ऊन अंगाला चावतं खरं, पण दिसायला इतकं देखणं असतं की त्याला नावं ठेववत नाहीत. चार महिने ओल धरून बसलेल्या भिंती आठवड्याभरात कोरड्या होतात. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. तिथलं वर्षावासातलं ग्रंथवाचन शेवटाला आलेलं असतं, स्पीकरवरून कुणाचा तरी आवाज अर्धामुर्धा ऐकू येतो. खाली सीताफळवाली ओरडत असते. आणि कशाला खोटं बोलू, या सगळ्यात मला गोदावरीचा वास येतो. घाटावरच्या नाही, खाली सायखेड्याकडच्या गोदावरीचा: गाळ, शेवाळ, आणि काठावरच्या द्राक्षबागेत मारलेलं औषध. इतक्या लांब वास येणं शक्य नाही हे मलाही कळतं. तरी येतो.

मग तो एक आश्विन आठवतो. त्याला आता काही वर्षं झाली, पण तो संपला असं मला अजून वाटत नाही.

मासे धरणं या प्रकाराशी माझं कधी जमलं नव्हतं. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. जन्म वर्गातल्या पोरांना "गप्प बसा" सांगण्यात गेला, आणि घरी नवरा असा की दर रविवारी गळाची काठी घेऊन नदीवर जाऊन आपणहून गप्प बसायचा. पाटबंधारे खात्यात कारकून होते. आठवडाभर कागदावरचं पाणी बघायचं आणि सुट्टीच्या दिवशी खरं. बरं, मासा मिळाला की घरी आणायचा, कालवण करायचं, तर तेही नाही. हातात धरायचा, उन्हात उलटसुलट न्याहाळायचा, आणि परत पाण्यात सोडायचा.

"सोडायचाच होता तर धरलात कशाला?" मी एकदा विचारलं.

"बघायला."

"बाजारात बर्फावर मांडून ठेवलेले असतात की. फुकट बघा."

"तो मासा नाही, ती भाजी," हे म्हणाले. मग सावकाश, "नदी गढूळ असते. निवळली तरी वरून ऊन चमकतं. आत कोण कोण राहतं ते काठावरून कळत नाही. म्हणून एकेकाला वर बोलवायचं, ओळख करून घ्यायची, आणि घरी पाठवून द्यायचं."

 विहारात पंचशील म्हणून आलेला माणूस गळाला गांडूळ लावताना तसाही अवघडायचाच. पुढे पुढे यांनी गांडुळं सोडली आणि कणकेच्या गोळ्या लावायला सुरुवात केली. माझी मळलेली कणीक, थोडी हळद घालून. मी आरडाओरडा केला की म्हणायचे, "नदीलाही कळू दे तुझ्या हाताची चव."

यांची धाकटी बहीण रंजना सायखेड्याजवळ दिलेली. नदीला लागून त्यांची लहानशी द्राक्षबाग आहे, बागेच्या खाली चार दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांशी पाणी. दसऱ्याच्या आगेमागे बागांची छाटणी सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन येतात, बागेत दिवसभर कात्र्यांचा कटकट आवाज चालू असतो. हिरवीगार बाग बघता बघता नुसत्या काड्यांची होऊन जाते. त्या कात्र्यांच्या आवाजात आमचे हे खाली पायरीवर बसलेले असायचे. काठीच्या टोकापासून पाण्यात गेलेला तंगूस, तो पारदर्शक नायलॉनचा धागा, त्यांनी पहिल्या बोटावर टेकवलेला असायचा. माशानं तोंड लावलं की बोटाला कळतं म्हणे.

डोळ्यांचं आम्हाला कळलं ते विहारामुळं. वर्षावासात ग्रंथ वाचायचा मान वर्षानुवर्षं यांचाच. आवाज खर्जातला, शब्द स्वच्छ, बायका लेकरांना झोपवून ऐकत बसायच्या. त्या वर्षी श्रावणात मी अगदी पुढे बसले होते. हे वाचत होते, आणि माझ्या लक्षात आलं की पान उलटलंच गेलेलं नाही. वाचन मात्र पुढं चाललंय. एक शब्द चुकला नाही, कुठे अडखळणं नाही. नजर पुस्तकावर, बोट ओळीवर, आणि ओळ भलतीच.

घरी आल्यावर मी म्हटलं, "पान उलटायला विसरलात."

"पाठ आहे मला सगळं."

"मग पुस्तक कशाला उघडता?"

 हे टॉवेल घेऊन हात पुसत राहिले, कोरडेच होते हात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

काचबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायच्या शांत. म्हणाल्या, "हा कडेकडेनं नजर खातो, काकू. डावीकडची बरीच गेली आहे. गेलेली परत येत नाही. उरलेली आपण थेंबांनी राखायची." मी सगळं लिहून घेतल्यासारखं ऐकलं. यांनी फक्त एवढंच विचारलं की पाण्यावर ऊन चमकतं तेव्हा सगळं पांढरं का होतं. त्या म्हणाल्या, त्यामुळंच होतं, तिरीप सहन होणार नाही आता.

आणि मग रंजनाचा फोन आला, छाटणीच्या पहिल्याच रविवारी. "वहिनी, घाबरू नको. दादा पाण्यात गेला व्हता. काय नाय झालं, गुडघ्यापर्यंतच. पण पायरीच दिसली नाय त्याला. लय चमकत व्हतं पाणी. आमचे गडी धावत गेले म्हणून बरं." मी फोन ठेवला. हे संध्याकाळी आले तेव्हा पॅन्ट वाळून गेली होती आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"नदी बंद," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

मला वाटलं होतं भांडतील. निदान "तुला काय कळतंय" एवढं तरी म्हणतील. भांडणाऱ्या माणसाशी मला जमतं, जन्म गेला त्यात. पण हा माणूस उठला, काठ्या पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. पुढच्या रविवारी सकाळी लवकर उठून, अंघोळ करून, चप्पल घालून फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता, पण असता तरी फरक पडला नसता. कुंड्यांना पाणी घालायला लागले तर घालतच राहायचे. झाड बुडेल हो, असं म्हणावं लागायचं. घरात एक माणूस दिवसेंदिवस फिकट होत चालला होता आणि तो फिकटपणा मीच आणला होता, त्याच्या जिवासाठी. माझी अवस्था धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं अशी झाली होती.

थेंबांची नवी बाटली आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, काहीच उपाय नाही का? त्या विचार करून म्हणाल्या, "पोलराइज्ड गॉगल बघा. पाण्यावरची चकाकी कापतो. पण काकू, तो नजर देणार नाही." चकाकी कापतो एवढं माझ्या कानात शिरलं. पुढचं वाक्य बाहेरच्या रिक्षांच्या आवाजात राहिलं, असं मी आता म्हणते.

यांना सांगितलं असतं तर "नको" म्हणाले असते. म्हणून एकटीच गेले मेन रोडला.

पहिल्या दुकानात एक चकचकीत पोरगा होता. त्यानं निळ्या आरशाच्या काचांचा गॉगल पुढे केला. "मॅडम, एकदम फिशिंगवाला लुक येतो." मी म्हटलं, लुक माशांना दाखवायचाय का? त्यानं कंपनीचं नाव दोनदा सांगितलं. नाव मोठं आणि लक्षण खोटं. घालून बाहेर बघितलं तर सगळा मेन रोड नुसता काळा झाला होता, चमकायचं ते तसंच चमकत होतं.

दुसरं दुकान जुनं, खोल, लाकडी खणांचं. तिथल्या चाचांनी गॉगल दाखवायच्या आधी प्रश्न विचारला. "मछली कुठं पकडणार? समुंदर, तलाव, की नदी?"

"नदी. आणि मी नाही, आमचे हे."

"पाणी साफ की मटमैला?"

"आता निवळायला लागलंय."

त्यांनी खणातून एक राखाडी पुठ्ठा काढला. "काय दिसतं?" काही नव्हतं त्यावर, धुक्यासारखा रंग. मग एक चष्मा माझ्या नाकावर चढवला, आणि त्या पुठ्ठ्यातून एक मासा वर आला. बुडबुड्यांसकट! मी "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. चष्मा काढला, मासा गेला. घातला, आला. मी तीन-चारदा तसं केलं, निवृत्त शिक्षिका असून. चाचा हसत म्हणाले, "सगळे असंच करतात. बडे बडे लोग."

मग त्यांनी खण उघडत नेले. करड्या काचा समुद्रासाठी, भर उन्हासाठी, रंग जसेच्या तसे ठेवणाऱ्या. पिवळ्या ढगाळ सकाळसाठी. तपकिरी उथळ पाण्याला, मातकट तळाला, जिथं मातीतून माशाची पाठ वेगळी काढायची असते. खरा ओळखायचा तर दोन चष्मे एकमेकांवर आडवे-उभे धरायचे, काळोख झाला पाहिजे. आणि कडेनं ऊन आत येता कामा नये, मोठ्या दांड्या हव्यात. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावर बसणारा घ्यायचा. मी एकेक घालून दुकानाच्या पायरीवर उभी राहायची आणि समोर उभ्या रिक्षाच्या काचेकडे बघायची. उघड्या डोळ्यांना त्या काचेत नुसतं आभाळ. तपकिरी काचेतून बघितलं तर आत रिक्षावाला, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेला. इतका वेळ तो तिथंच होता आणि मला दिसला नव्हता. त्याच्या झोपेत मी शिरले असं वाटून मी पटकन नजर वळवली.

"पाण्यावर बघून येऊ का?" मी विचारलं. "फोन ठेवून जाते इथं."

"काही ठेवू नका," चाचा म्हणाले. "दोन्ही घेऊन जा, करडा नि तपकिरी. बघा, मग सांगा."

गोदाघाटावर दुपारची वेळ होती. कपडे धुणाऱ्या बायका, झेंडूच्या पाकळ्या, पितळी भांडी विकणारे. पाण्याकडे बघवत नव्हतं इतकं ते चकाकत होतं. मी तपकिरी चष्मा घातला. आणि कुणीतरी पाण्यावरचं झाकण उचलावं तसं झालं. पायऱ्या पाण्याखाली संपत नव्हत्या, त्या खाली उतरत जात होत्या, एक, मग आणखी एक, हिरव्या होत होत. शेवाळाचे केस एका दिशेनं विंचरलेले. एक बांगडीचा तुकडा. कुणाचीतरी बुडालेली चप्पल. आणि बोटभर लांबीचे मासे, सगळे तोंडं प्रवाहाकडे करून जागच्या जागी पोहत उभे. मान जराशी तिरकी केली की पाणी पुन्हा मिटायचं, सरळ केली की उघडायचं. मी कितीतरी वेळ मान हलवत बसले. या गावात माझा जन्म गेला, या नदीवरून मी रोज शाळेत गेले, आणि नदी आतून कशी आहे हे मला ठाऊक नव्हतं. आमचे हे जे बघायला जातात ते हेच का, असं मनात आलं आणि मी आणखी खाली वाकले. शेजारी धुणं धुणारी बाई म्हणाली, "काय मावशी, काय हरवलं का पाण्यात?" मी म्हटलं, नाही गं, सापडतंय.

तपकिरीच घेतला.

यांनी तो नंबरच्या चष्म्यावर चढवला तेव्हा नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली. रंजना तर बघून हसतच सुटली. "दादा, वेल्डिंगला चालला का?" छाटणीवाल्या बायका कात्र्या थांबवून बघत होत्या. मी यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या, वरच्या रुंद पायरीवर बसवलं, आणि उभी राहिले. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पोरांच्या आया उभ्या राहतात ना, तशी. या चष्म्यातून दिसलं तर नदी उघडी, नाही दिसलं तर कायमची बंद. असं मी ठरवूनच आले होते आणि यांनाही ते न सांगता ठाऊक होतं.

हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, तळ दिसतोय."

"खरंच?"

"तो बघ. त्या मोठ्या खडकापाशी, काळासा, लांबट. मरळ आहे. हलतोय बघ कसा सुस्तावल्यासारखा."

मला उघड्या डोळ्यांनी चमचमाटच दिसत होता. पण यांचा आवाज पुन्हा खर्जात गेला होता, वाचताना जायचा तसा. मी वर बागेत जाऊन रंजनाच्या गळ्यात पडले. त्या दिवशी तिनं केलेल्या बाजरीच्या भाकरीची आणि ठेच्याची चव मला आजही जिभेवर आणता येते.

मग रविवार आले आणि गेले. मी आता बरोबर जायची, पायऱ्या उतरवायला आणि चढवायला. मधल्या वेळात वर बांधावर बसून मेथी निवडायची. खालून यांचा आवाज यायचा. आज मरळ आहे. आज जरा उजवीकडे सरकलाय. आज जोडीला दुसरा आलाय वाटतं. बागेत छाटलेल्या काड्यांवर डोळे फुटायला लागले होते, सोयाबीनच्या मळणीचा धुरळा रस्त्यावर तरंगायचा, बगळे ट्रॅक्टरमागून चालायचे. दुपार अशी पसरायची की तिला काठच नसायचा. मेथीची जुडी संपायची आणि मी निवडलेलीच पानं परत निवडत बसायची. इतकं सुख मला कशानं होतंय, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

एका रविवारी हे पाणी प्यायला म्हणून रंजनाच्या जावयाबरोबर वर घरात गेले. चष्मा पायरीवर राहिला होता. मी खाली उतरले, तो उचलला, आणि म्हटलं बघू तरी यांचा मरळ.

पाणी उघडलं. मोठा खडक दिसला, त्याच्यावरचं शेवाळ दिसलं. खडकापाशी काळं, लांबट, सुस्तावलेलं काहीतरी हलत होतं. ठिबकची नळी होती. बागेत टाकतात ना, काळी, बोटाएवढी जाड, तिचा तुकडा खडकाच्या फटीत अडकून प्रवाहात डुलत होता. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. नळीच ती, तिच्यावरची भोकंसुद्धा दिसत होती.

आणि मग मला डावीकडे दिसले. पायरीपासून हाताभर अंतरावर, सावलीत, मासेच मासे. रुपेरी, पाठी हिरवट, कल्ल्यांपाशी लालसर, एकदम वळायचे तेव्हा सगळं पाणी उजळायचं. इतके जवळ की वाकलं तर हात लागावा. त्यांच्याबद्दल यांनी कधी एक शब्द काढला नव्हता. डावीकडचे होते ते.

मी तिथंच पायरीवर बसले. तेव्हा मला कळलं की मी चष्मा निवडला होता तो माझ्या डोळ्यांनी. रिक्षावाला मला दिसला होता. घाटाच्या पायऱ्या मला दिसल्या होत्या. चष्म्यात काही खोट नव्हती, चकाकी त्यानं कापली होती, पण चकाकीच्या मागे जे बघायचं ते डोळे माझे होते. मला रडू आलं, आणि रडताना त्या काचेतून पाणी आणखीच सुंदर दिसत होतं, याचा रागही आला.

वर पावलं वाजली. हे एकेक पायरी चाचपत उतरले आणि माझ्या डाव्या बाजूला बसले. "बघितलास का?" म्हणाले. "आहे का तिथंच?"

हो म्हणणं सोपं होतं. पण माझ्या तोंडाला ते वळण नाही. "अहो," मी म्हटलं, "ती ठिबकची नळी आहे."

 शेजारच्या बागेत कात्र्या वाजत होत्या.

"माहीत आहे," मग म्हणाले.

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी गळ अडकला होता तिच्यात. तू वर गेलीस तेव्हा. ओढली तर बोटाला कळलं. मासा असा नुसता ताणून धरत नाही."

"मग इतके रविवार मला मरळ, मरळ काय सांगत होतात?"

"तू एवढी खुश होतीस." काठी मांडीवर घेत म्हणाले, "आणि नाही म्हटलं असतं तर नदी बंद झाली असती."

मला असा संताप आला ना! हा माणूस माझ्यासाठी नाटक करत होता की माझ्या विरुद्ध, हेच कळेना. दोन्ही असावं. मी म्हटलं, "खरं सांगा. काय दिसतं तुम्हाला? पाठ असलेलं सांगू नका."

मग यांनी सांगितलं. समोर, मधोमध, एक गोल. त्यात तपकिरी पाणी. पूर्वी त्यात पांढरी आग दिसायची, ती आता नाही, चष्म्याचं तेवढं खरं. गोलाच्या कडेनं काही नाही. काळं नाही, पांढरं नाही, नाहीच काही. "डावीकडे बसून तू बोलतेस तेव्हा तू आहेस हे कळतं," हे म्हणाले. "गप्प बसलीस की डावीकडे कुणीच नसतं."

मी उठले आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. चष्मा माझ्याच डोळ्यांवर होता. नंबरच्या चष्म्यावर बसणारा तो, माझ्या बोडक्या नाकावरून घसरत होता.

"मासे आहेत इथं," मी म्हटलं.

"कसे?"

"कसे म्हणजे? माशांसारखे."

"तुझ्या वर्गात असं उत्तर चाललं असतं का?"

मी डोळे पुसले आणि नीट बघितलं. सांगायला लागले. तोंड कसं, शेपटी कशी, मिशा आहेत की नाहीत, खवले मोठे की बारीक. हे नावं सांगत गेले. हा रोहू असणार, लहान आहे अजून. ही चिलापी, आगाऊ असते. बोलता बोलता यांनी कणकेची गोळी लावली, गळ डावीकडे सोडला, तंगूस बोटावर घेतला. एक मासा आला, गोळीभोवती फिरला, तोंड लावलं. "ओढा!" मी ओरडले. हे हलले नाहीत. मासा मागे सरकला, परत आला. "अहो, ओढा ना!" तरी नाही. मग त्यांचं बोट एवढंसं वाकलं आणि काठी वर आली. "डोळ्याला फार घाई असते," हे म्हणाले, "तो नुसता हुंगत होता." मासा ओंजळीत घेऊन त्यांनी तो चेहऱ्याजवळ, अगदी मधोमध, त्या गोलात आणला. खवल्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "जा बाबा," आणि सोडून दिला. मी त्याला खोल जाताना बघितलं, आणि कुठे गेला तेही सांगितलं.

नदी बंद केली नाही मी. एक अट मात्र घातली, आणि तशीच त्यांनी मला घातली. जे आहे तेच सांगायचं. नसेल तर नाही म्हणायचं, समोरचा खुश होवो न होवो. त्या आश्विनाचे उरलेले रविवार आम्ही असेच बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं, आणि तेही सगळं माशांबद्दल. रंजना वरून म्हणायची, "वहिनी, हळू बोल, पळतील ना ते!" पुढे तिनं त्या रुंद पायरीवर दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि कडेला बांबूचा कठडा बांधून घेतला.

यंदाही पाणी निवळलंय. परवाच्या रविवारी गेलो होतो. छाटणी सुरू झाली आहे. रंजनाचे केस पार पांढरे झाले. तो गोल लहान होत होत आता नाण्याएवढा राहिलाय, असं डॉक्टरीणबाई सांगतात, हे सांगत नाहीत. पायऱ्या उतरताना यांनी माझा खांदा धरला होता. पूर्वी नुसतं बोट टेकवायचे, आता हाताचा भार येतो. आला तर येऊ दे.

बसलो. मी चष्मा घातला. दुपारची वेळ, वारा नाही, पाणी इतकं नितळ की ते आहे हे कळू नये. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खडकांमागे बघितलं. यांनी तंगूस बोटावर घेतला होता. चेहरा समोर, आणि कान माझ्याकडे.

"काय दिसतंय?"

माझ्या मनात फार आलं, की काहीतरी सांगावं. एखादा रोहू, लहानसा. कोण बघणार होतं?

"काही नाही हो," मी म्हटलं. "एकही मासा नाही आज. नुसतं पाणी आहे."

 यांनी काठी सरळ केली आणि खुर्चीत जरा मागे रेलून बसले.

"कसंय पाणी?" म्हणाले. "सांग."